जवाईबापूंचा देवमासा

त्या तलावात देवमासा आहे ही थाप मुळात तिथंच मासे मारून पोट भरणाऱ्या इतवारी ढिवराचीच. सानगडीपासून दोन कोसांवरचा तो जुना मालगुजारी तलाव, मधोमध झाडीनं भरलेलं बेट, आणि बेटामागं बांबू तळाला लागत नाही इतकं खोल पाणी. गावातले बडे असामी भय्याजी, त्यांची सुलोचना सहा वर्षांची असताना एकदा तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर बसून हट्टानं रडत होती, काही केल्या थांबेना. तेव्हा इतवारीनं तिला सांगितलं, बेटामागं बैलगाडीएवढा मासा राहतो आणि रडणाऱ्या पोरींचा आवाज त्याला खपत नाही. पोरगी गप्प झाली. इतवारी विसरून गेला. थापाड्या माणसानं आपल्या सगळ्या थापा लक्षात ठेवायच्या म्हटलं तर त्याला दुसरं काम उरायचं नाही.

ती थाप पंचवीस-सव्वीस वर्षांनी, अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत, जीपमध्ये बसून गावात परत आली.

सुलोचनाबाई आता मुंबईच्या झाल्या होत्या. त्यांचे यजमान जहाजावर इंजिनियर. गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे, सगळ्यांचे ते जवाईबापू. कुठल्याशा परदेशी बेटावर ते सुट्टीला राहिले होते आणि तिथं नावेत बसून त्यांनी समुद्रातला देवमासा पाहिला होता. त्याचा फोटो पाकिटातच असायचा. फोटोत राखाडी पाणी आणि त्यात एक काळा उंचवटा, बस्स. पण ते सांगायला लागले की ऐकणारे खाली ठेवलेला चहा विसरायचे. बायकोच्या तोंडून ऐकलेली इतवारीची गोष्ट त्यांनी भलतीच मनावर घेतली. समुद्रातल्याएवढा नसेल, पण जुन्या खोल तलावात मोठे मासे असतात, हा असणारच, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"आपल्याकडं सगळं आहे मामा," ते सासऱ्यांना म्हणाले, "फक्त योजना कोणी करत नाही."

झालं. भय्याजींच्या ओसरीवर मोठा कागद पसरला गेला आणि योजना सुरू झाली. कागदावर तलाव काढला, बेट काढलं. बेटावर राहुट्या ठोकून दोन रात्री मुक्काम करायचा. स्टोव्ह, कंदील, ट्रान्झिस्टर, कोंबड्या, सगळं बरोबर. रोज सकाळी डोंग्यात बसून बेटामागच्या खोल पाण्यात जायचं आणि मासा वर येईपर्यंत थांबायचं. कोणी कुठं बसायचं तेही त्यांनी लिहून काढलं. मासा दिसला की सगळ्यांनी झटकन त्याच बाजूला सरकायचं, म्हणजे फोटोच्या आड कोणाचं डोकं येत नाही. इतवारी पायरीखाली उकिडवा बसून ऐकत होता. हे सरकायचं ऐकलं आणि तो उठून उभा राहिला.

कारण डोंगा त्याचा होता. आठ-नऊ माणसं बसतील असा डोंगा त्या तलावावर तो एकच, पंधरा हात लांब, एका मोहाच्या खोडातून इतवारीनं आणि त्याच्या बापानं कोरलेला. बाकीच्यांचे डोंगे एका माणसापुरते, जाळं टाकून परत येण्याजोगे. आणि या मोठ्या डोंग्याच्या तळाला चीर गेलेली आहे, ही गोष्ट साऱ्या दुनियेत एकट्या इतवारीला ठाऊक होती.

चीर त्याच्याच चुकीनं गेली होती. उन्हाळ्यात पाणी आटलं की डोंगा चिखलात बुडवून ठेवायचा, लाकडाला ऊन लागू द्यायचं नाही, हे ढिवराच्या लेकराला शिकवावं लागत नाही. पण त्या वैशाखात इतवारी तापानं अंथरुणाला खिळला आणि पोरगा चिंधू बायकोला घेऊन नाकाडोंगरीला सासुरवाडीत गेलेला. अठरा दिवस डोंगा काठावर रणरणत्या उन्हात पडून राहिला. इतवारी काठी टेकत गेला तेव्हा तळाला हातभर लांब चीर. चिंधू यायच्या आत त्यानं त्या चिरेत चिंध्या ठोकल्या, वरून राळ आणि तेल भरलं, आणि मूग गिळून बसला. पावसाळाभर एकटा चिंधू जाळं घेऊन जायचा, तेवढ्याला डोंगा पुरून उरला. चार-पाच माणसांचं वजन, तेही एका अंगाला सरकलेलं, त्या चिंध्यांच्या बापाला झेपणार नव्हतं. आणि बांबू धरून उभा राहणार होता चिंधू, इतवारीचा एकुलता एक पोरगा. त्याच्या बायकोला, रुखमिणीला, पाचवा महिना लागला होता.

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं सरळ. डोंगा फुटका आहे, बसू नका. कितीसं काम आहे ते? पण त्या तलावावरच्या ढिवरांत हे शब्द कोणी तोंडातून काढत नाही. नवा डोंगा पाण्यात उतरवताना त्याला हळद लावतात, नाव ठेवतात, त्या दिवसापासून ती घरची लेक. लेकीचं व्यंग बाप चारचौघांत सांगत नाही. डोंगा खराब झाला असं वाटलं तर परगावचा ढिवर बोलावतात, त्याला जेवू घालतात, आणि त्याच्या तोंडून ते वदवून घेतात. घरच्या माणसानं स्वतः म्हटलं, तर डोंगा त्याच घरातलं माणूस मागतो. इतवारीच्या चुलत्यानं एकदा बाजारात रागाच्या भरात म्हटलं होतं. पंधरा दिवसांत त्याचा थोरला पोरगा पाण्यात गेला. इतवारी तेव्हा दहा वर्षांचा होता. ते प्रेत काढताना त्यानं पाहिलं होतं आणि अजून त्याला ते दिसत असे.

म्हणजे बोलला तरी चिंधू, न बोलला तरी चिंधू. बिचाऱ्याचा जीव असा दोन्हीकडून चिमटीत सापडला.

मग त्यानं जे येत होतं तेच केलं. थापा मारल्या. दुसऱ्या दिवशी ओसरीवर जाऊन त्यानं सांगितलं की तो मासा फार वाईट आहे, सहा वर्षांमागं त्यानं पाण्यात डुंबणारी म्हैस ओढून नेली होती. जवाईबापूंनी खिशातून पेन काढून ते लिहून घेतलं आणि म्हशीचं वजन साधारण किती असेल ते विचारलं. तिसऱ्या दिवशी इतवारी म्हणाला, कार्तिकात तो चवताळलेला असतो, डोंग्याला खालून धडक देतो. जवाईबापू खूश. त्यांनी त्याच संध्याकाळी साकोलीला जाऊन नागपूरच्या मित्राला फोन लावला, की बायको-पोरांना घेऊन ये, असा योग पुन्हा येणार नाही. चार माणसांची सहल आठांची झाली. इतवारी जितकं भेव घालायला जाई तितकी ती मंडळी जास्त पेटायची. घरी येऊन तो स्वतःच्या तोंडात मारून घ्यायचा तेवढा बाकी राहिला होता.

रुखमिणीनं विचारलं, "मामाजी, तुमी जेवून काहून नाई राहिले?" तो म्हणाला, पोट बरोबर नाही. तिच्या पोटाकडं मात्र त्याला बघवेना.

त्यानं आणखी एक उपाय केला. लाकूड तहानलंय असं सांगून त्यानं डोंगा काठच्या चिखलपाण्यात दगड घालून बुडवला. मनात हे, की चार दिवस काढू, तोवर कोणाचा बेत बदलेल, नागपूरचा पाहुणा येणार नाही, काहीतरी होईल. आणि तो पहिल्या एसटीनं मोहाडीला गेला. तिथं फकिरा होता, त्याचा साडू, परगावचा ढिवर. फकिरानं येऊन नुसती बोटानं चीर दाखवली असती आणि दोन शब्द बोलला असता तर सगळं निभावलं असतं. पण फकिरा वैनगंगेवर गेलेला, कुठं मुक्काम ठोकलाय ते घरच्यांना माहीत नाही, आठ दिवसांनी येईल म्हणाले. इतवारी नदीच्या काठाकाठानं दिवसभर विचारत फिरला. रात्री एका देवळात पडला आणि सकाळच्या गाडीनं हात हलवत परत आला.

परत येऊन बघतो तर चिंधूनं डोंगा बाहेर काढलेला. धुऊन, पुसून, वरपासून खालपर्यंत राळेचा नवा हात दिलेला. काळा कुळकुळीत डोंगा उन्हात चकाकत होता आणि चिंधू त्याच्याभोवती फिरत होता. मुंबई-नागपूरची माणसं आपल्या डोंग्यात बसणार, आपला फोटो निघणार, याचं त्याला केवढं अप्रूप. इतवारी गुडघ्यांवर बसून तळाखाली हात घालून चाचपत राहिला. दोन दिवस पाणी पिऊन लाकूड फुगलं होतं आणि चीर मिटली होती. तिच्यावर पोराच्या हातची राळ बसली होती. आपणच आपल्या हातानं साक्ष बुजवली हे त्याच्या ध्यानात आलं.

सहलीचा दिवस उजाडला. सकाळी आठाच्या सुमाराला सगळी मंडळी पाळीवर आली. भय्याजी सोडायला आले होते. सुलोचनाबाई, जवाईबापू, त्यांची दोन मुलं, नागपूरचा मित्र, त्याची बायको, त्यांच्या दोन मुली. सामान आधीच छोट्या डोंग्यांतून बेटावर पोचलं होतं. गावातले दहा-बारा ढिवर गंमत बघायला जमले होते. पाण्यावर काठाकाठानं शिंगाड्याचे वेल दाट पसरलेले, मध्ये जायला तेवढी वाट. नागपूरच्या धाकट्या मुलीनं नवा फ्रॉक घातला होता आणि तिला पहिल्यांदा बसायचं होतं. चिंधूनं तिला उचललं आणि डोंग्यात ठेवायला वाकला.

"डोंगा फुटका हाय," इतवारी म्हणाला.

मोठ्यानं नाही म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. जमलेल्या ढिवरांतला एक जण दोन पावलं मागं सरकला. एकीनं पदर तोंडावर घेतला. चिंधू पोरीला तशीच हातात धरून उभा राहिला. त्याच्या तोंडावरचा रंग पार उडाला होता.

"तळाले चीर हाय," इतवारी पुढं म्हणाला. आता काय, जे व्हायचं ते होऊन चुकलं होतं. "माझ्याच हातची चूक. मीच बुजवली. नोका बसू कोणी."

भय्याजींना राग आला. चार दिवस माशाची भीती घातली, ती चालली नाही, आता डोंगा काढला, हा काय प्रकार आहे, तुला न्यायचंच नव्हतं तर पहिल्या दिवशी सांगायचं होतं, असं ते बोलले. जवाईबापू मात्र हसत होते. त्यांना वाटलं, म्हातारा शेवटपर्यंत नाटक रंगवतोय.

चिंधूनं पोरीला खाली ठेवलं. दोघांच्या मदतीनं डोंगा पालथा केला आणि तळावरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. सगळे वाकून बघू लागले. कुठं काही नाही. इतवारी पुढं झाला, जागा त्याला पाठ होती, त्यानं नखांनी राळ उकरली. खाली फुगलेलं लाकूड, केसाएवढी रेघ, तीही दिसली तर दिसली. त्यानं एकाच्या कमरेचा विळा ओढला आणि टोक खुपसायला गेला, तेव्हा चिंधूनं त्याचं मनगट धरलं.

"बा," चिंधू म्हणाला, "साऱ्या गावासमोर तू तिले नाव ठेवलं. आता तिच्या अंगावर विळा घेऊन राहिला?"

त्याला राग आला होता, लाज वाटत होती, आणि त्याच्याखाली कुठंतरी तोही घाबरला होता. कारण चुलत आज्याची गोष्ट त्यालाही ठाऊक होती. त्या गोष्टीतून सुटायची त्याला एकच वाट दिसली. बापानं म्हटलं ते खोटं ठरवायचं. खोट्या बोलण्याला डोंगा कशाला माणूस मागेल?

त्यानं डोंगा सरळ केला आणि पाळीवरचे दगड उचलून त्यात भरू लागला. आठ माणसांच्या वजनाइतके भरतो, बेटाला वळसा घालून येतो, मग पाहुण्यांनी खुशाल बसावं, असं त्यानं भय्याजींना सांगितलं. जवाईबापूंना हे फार पटलं. जहाजाचीसुद्धा आधी अशीच चाचणी घेतात, म्हणाले, आणि स्वतः चार दगड उचलून दिले. इतवारीनं डोंग्याची कड दोन्ही हातांनी धरली. मले बसव, तू उतर, मी नेतो, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. चिंधूनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. दोघा ढिवरांनी म्हाताऱ्याला धरून मागं घेतलं.

"मी बुडलो तर माझा बाप खरा," चिंधू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि बांबू टेकवून त्यानं डोंगा लोटला.

डोंगा छान गेला. शिंगाड्याच्या वेलांमधल्या वाटेनं तो सरळ निघाला, पाण्यात भरपूर बसला होता, पण डगमगत नव्हता. अर्ध्यावर जाऊन चिंधूनं बांबू वर उचलून दाखवला. मुलांनी टाळ्या पिटल्या. कोणीतरी इतवारीला म्हणालं, बुढ्या, पाह्य तुझा फुटका डोंगा. इतवारीनं मान डोलावली. आपण खोटे ठरावं, साऱ्या गावानं तोंडात शेण घालावं, जन्मभर थापाड्या म्हणून हाका माराव्यात, एवढंच त्याला हवं होतं. आयुष्यात त्यानं कधी एवढ्या मनापासून काही मागितलं नव्हतं. डोंगा लहान होत बेटाच्या टोकाशी गेला, वळला, आणि झाडीआड दिसेनासा झाला.

पाहुण्यांनी सतरंजी अंथरली. सुलोचनाबाईंनी डब्यातून चकल्या काढल्या, थर्मासातला चहा ओतला. वळसा घालायला किती वेळ लागतो, असं जवाईबापूंनी विचारलं. एकजण म्हणाला, लागते तेवढा. चहा संपला. मुलं पाळीवर पळापळी खेळायला लागली. इतवारी पाण्याच्या कडेला उभा होता, नजर बेटाच्या दुसऱ्या टोकावर लावून. तिथून डोंग्याचं नाक पुढं यायला हवं होतं. दगडानं भरलेला आहे, हळू येईल, असं तो स्वतःला सांगत होता. मग तेही सांगायचं त्यानं सोडून दिलं.

नव्या फ्रॉकवाली मुलगी एकदम थांबली आणि बेटाकडं हात केला.

बेटाच्या टोकाशी, वेलांच्या हिरव्या पट्ट्यापलीकडं, पाण्यातून एक काळी पाठ वर आली. लांबच लांब, गोल, ओली, उन्हात चकाकणारी. ती जराशी वर झाली, एका अंगाला कलली, आणि पाण्याबरोबर हलत राहिली.

"दिसला," मुलं ओरडली. सगळे धडपडत उठले. चहाचा कप लवंडला. सुलोचनाबाईंनी दोन्ही हात छातीशी धरले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, लहानपणी ऐकलेलं असं समोर येईल हे त्यांना खरंच वाटत नव्हतं. जवाईबापू कॅमेरा घेऊन पाण्यापर्यंत धावत आले आणि एकामागून एक फोटो काढत सुटले. मागं उभे असलेले ढिवर मात्र एकेक करून पाण्यापासून मागं सरकले.

इतवारीनं ती पाठ ओळखली होती. चाळीस वर्षांपूर्वी वाकसानं ती त्यानंच तासली होती. तिच्या पोटातले दगड तळाला गेले होते म्हणून ती हलकी होऊन तरंगत होती. तिच्या आजूबाजूला कुठंही डोकं वर आलं नव्हतं, वेलांत हात हलत नव्हता.

जवाईबापूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"म्हातारबा," ते म्हणाले, "आम्ही उगाच हसलो तुम्हाला. तुमचं खरं होतं."

इतवारी पाण्यात उतरला. गुडघाभर, कमरेइतकं, वेल पायांत गुंतत होते ते ओढत तो पुढं जात होता आणि चिंधूच्या नावानं हाका मारत होता. मागून जवाईबापू दबक्या आवाजात म्हणाले, "शू, ओरडू नका. आवाज ऐकला की तो खाली जाईल."

इतवारी हाका मारतच राहिला.